अंगणात शिक्रा यायलाय. दाणे टाकणं थांबवावं का?

गोदाकाठची | ८ जानेवारी, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. गंगाखेडजवळच्या एका गावात आमचं घर आहे. अंगणात जुना लिंब, त्याच्यापलीकडं शेवगा, आणि कंपाउंडच्या भिंतीला लागून मेंदीची वाढलेली जाळी. सासूबाई होत्या तेव्हापासून लिंबाखाली मूठ-दोन मूठ ज्वारी टाकायची आणि मातीच्या परळात पाणी भरायचं, ही रीत चालू आहे. चिमण्या, होले, बुलबुल, साळुंक्या, दयाळाची जोडी आणि सातभाईंचा अख्खा कळप रोज हजर असतो.

गेल्या आठवड्यापासून थंडी फार वाढलीय. सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. नेमकं तेव्हापासून एक शिकारी पक्षी यायलाय. पाठ राखी, छातीवर विटकरी रंगाच्या बारीक आडव्या रेघा, डोळे लालभडक. परवा माझ्या डोळ्यांदेखत शेवग्याच्या आडून झेप आली आणि खाली दाणे टिपणारा होला उचलला. एका पळात सगळं झालं. खाली मूठभर पिसं राहिली.

धाकटी लेक दुसरीत आहे. ती त्या दिवशी जेवली नाही. रात्री मला म्हणाली, "आई, आपण दाणे टाकतो म्हणून होले येतात. होले येतात म्हणून तो येतो. मग होला कुणी मारला?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ज्वारीच्या डब्यात हात घालताना थबकायला होतंय.

दाणे टाकणं बंद करावं, की त्याला हाकलावं? तुमच्याकडं काय अनुभव आहे?

उदगीरकर | ९:२२

फोटो आहे का ताई? आधी शिक्राच आहे की पावशा, ते बघू. दोघांत भलेभले फसतात.

गोदाकाठची | ९:३५

मोबाईलवर लांबून काढलेला आहे. टाकलाय बघा. लिंबाच्या वाळक्या फांदीवर बसलेला.

माळरानी | १०:०५

शिक्राच, आणि नर. उदगीरकरांची शंका रास्त होती. पावशाचा रंग, शेपटीवरचे पट्टे, उडायची ढब सगळं शिक्र्यावर गेलेलं असतं, इतकं की लहान पाखरंही त्याला बघून पळतात. पण चोच बघा. शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली, पावशाची तशी आकडेबाज नसते. पावशाचं पोट सुरवंटांवर भरतं, तो होल्याच्या वाट्याला जात नाही. आणखी एक खूण म्हणजे शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक बारीक राखी रेघ उतरते. या फोटोत ती पुसट का होईना, दिसतेय. हिवाळ्यात उत्तरेकडून स्पॅरोहॉक नावाचा शिकारी पक्षी येतो, तोही असाच दिसतो, पण त्याला ही रेघ नसते.

एकच गोष्ट खटकते. नर शिक्रा पारव्यापेक्षा लहान. होला त्याला जरा अवजडच. मादी अंगानं थोराड, पाठ तपकिरीकडं झुकलेली, डोळे पिवळे-नारंगी. होला नेणारी मादी तर नव्हती? लक्ष ठेवा, तुमच्याकडं जोडी असायची शक्यता आहे.

केजकर | १०:४०

माझं मत स्पष्ट आहे, हाकला. आमच्या आजीच्या कोंबडीला एका हिवाळ्यात अकरा पिल्लं झाली होती. ससाण्यानं (आम्ही शिक्र्याला पण ससाणाच म्हणायचो) आठ दिवसांत पाच नेली. आजी डालगं उचललं की हातात काठी घेऊनच बसायची. गरिबाच्या घरी पाच पिल्लं म्हणजे लेकरांच्या वह्या-पुस्तकांचे पैसे होते. आपण ज्यांना जेवायला बोलावलं त्यांची राखण आपणच करायची. पाहुण्याला पाटावर बसवायचं आणि दारात वाघ सोडायचा, हे मला पटत नाही.

तुरीची शेंग | १०:५२

केजकर दादा, पिल्लांची गोष्ट वेगळी. ती आजीची होती, डालग्यातली होती. होले रानातले आणि शिक्राही रानातलाच. ताईंच्या लिंबाखाली दोघंही पाहुणेच की.

केजकर | ११:०३

मुद्दा मान्य. पण होल्याला बोलावलंय, शिक्र्याला नाही :)

पहाटपिंगळा | ११:४५

ताई, तुम्ही लिहिलंत की थंडी वाढली तेव्हापासून तो यायलाय. मला त्यातच उत्तर दिसतंय.

शिक्रा काही फक्त पाखरांवर जगत नाही. सरडे, पाली, टोळ, उंदीर, खारीची पिल्लं, बेडूक, जे मिळेल ते खातो. उन्हाळ्यात तुमच्याच कंपाउंडवर सरडे ऊन खात बसलेले असतील, तेव्हा त्याला चिमणीच्या मागं जीव काढायची गरज पडत नाही. सरड्याचं रक्त थंड, त्याच्या अंगात ऊब बाहेरून यावी लागते. पारा सहा-सात अंशांवर आला की तो फटीतून दहा-अकरापर्यंत बाहेर पडत नाही. टोळही गवताच्या बुडाशी गारठून बसतात. त्या वेळी उघड्यावर, नजरेला पडेल असं हालचाल करणारं काय उरतं? दाण्यावर आलेली पाखरं. त्यांना तर सकाळीच खाणं भाग असतं, कारण रात्रभर अंग गरम ठेवण्यात पोटातलं सगळं जळालेलं असतं. दोघांची भूक एकाच वेळी एकाच जागी येते, ती जागा म्हणजे तुमचा लिंब.

घारींचं बघा. थंडीच्या सकाळी त्या उशिरापर्यंत झाडावरच बसून असतात. जमीन तापून हवा वर उठायला लागली की त्या हवेवर गोल गोल वर चढतात. शिक्र्याला त्या हवेची गरज नाही, तो झाडाझाडांतून खालून पळणारा. म्हणून सकाळची पाळी त्याची.

तुम्ही एक करून बघा. तो किती वाजता येतो ते आठ दिवस लिहून ठेवा.

स्कॉटलंडातला परभणीकर | दुपारी ३:३०

पहाटपिंगळा काका, तुम्ही सरड्याचं जे सांगितलंत तेच मी इथं बर्फात बघतोय. बारा वर्षं झाली एडिंबराजवळ राहतोय. घरामागं छोटी बाग आहे, फांदीला दाण्याची जाळी टांगलेली असते.

गेल्या आठवड्यात चार दिवस बर्फ होता. बर्फ पडला की इथल्या बागेचं रूपच पालटतं. एरवी लाजणारी पाखरंही खिडकीपाशी येतात. रॉबिन तर बर्फ सरकवायच्या फावड्याच्या दांड्यावर येऊन बसतो, कारण फावडं जिथं माती उघडी करतं तिथं त्याला किडा मिळतो. स्कॅन्डिनेव्हियातून आलेले फील्डफेअर आणि रेडविंग, म्हणजे कस्तुराच्या जातीचे पक्षी, एरवी शेतात असतात. शेत पांढरं झालं की बागेत सफरचंदं खायला येतात. मी दोन अर्धी कापून बर्फावर ठेवतो. इथली ब्लू टिट नावाची पाखरं आपल्या शिंजिरापेक्षा थोडीशीच थोराड, जेमतेम अकरा ग्रॅमची. कडाक्याच्या एका रात्रीत वजनाचा दहावा हिस्सा जळून जाऊ शकतो. सोळा-सतरा तासांची रात्र असते इथं. सकाळी ती पिसं फुलवून कापसाच्या बोंडासारखी होऊन बसलेली असतात.

आणि मग स्पॅरोहॉक येतो, आपल्या शिक्र्याचा सख्खा भाऊच. कुंपणाच्या पलीकडून जमिनीला घासत येतो, शेवटच्या क्षणी कुंपणावरून उलटतो. पाखरांना कळायच्या आत. केस्ट्रेल, म्हणजे आपली खरूची, तिचे बर्फात फार हाल होतात, कारण तिचे उंदीर बर्फाखालच्या बोगद्यांतून पळतात, वरून दिसत नाहीत. गव्हाणी घुबडं तर लांबलेल्या बर्फात उपाशी मरतात. एकदा बझर्ड नावाचा मोठा शिकारी पक्षी माझ्या कंपोस्टच्या ढिगावर गांडुळं शोधत बसलेला पाहिला. एवढा मोठा पक्षी, आणि गांडुळं! त्या दिवशी मला कळलं की शिकारी असणं म्हणजे ताकदवान असणं नव्हे.

इथल्या लोकांचा सल्ला असा: तोच शिकारी रोज यायला लागला तर आठवडाभर दाणे थांबवा, पाखरं पांगतात, तोही दुसरीकडं फिरतो, मग पुन्हा सुरू करा. पण ऐन बर्फात थांबवू नका, तेव्हा लहान पाखरांचा जीव त्यावर असतो. आपल्याकडं बर्फ नाही, रानात शाळू आहे, तूर आहे. त्यामुळं ताई, तुम्ही थांबवलंत तरी कुणी उपाशी मरणार नाही, आणि चालू ठेवलंत तरी पाप नाही.

लातूरची लेक | सायंकाळी ५:१५

"आपल्याकडं बर्फ नाही" वाचलं आणि २०१४ आठवलं.

फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट चालली होती. आमच्याकडं एका संध्याकाळी वीस-पंचवीस मिनिटं गारा पडल्या. थांबल्यावर बाहेर आलो तर अंगण, रस्ता, रान सगळं पांढरं. पत्र्याच्या कडेला गुडघ्याएवढा ढीग. लेकरं आधी नाचली, मग गप्प झाली. गहू आडवा, हरभरा मातीत, शाळूची ताटं मोडलेली. वडील बांधावर बसून राहिले, बोलले नाहीत.

वडाखाली पोपट पडले होते. साळुंक्या, होले, बगळे. मी आणि भाऊ टोपलं घेऊन गोळा करत होतो. जे हलत होते ते पोत्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवले. चाळीस-पन्नास तरी असतील, त्यातले सकाळपर्यंत नऊ जगले. एक घार होती, पंख मोडलेला. तिला आम्ही डालग्याखाली ठेवलं. तिच्या डोळ्यांत जराही भीती नव्हती, आमच्याकडं रोखून बघत होती. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं घेऊन गेली.

त्या सकाळी गारांचा थर अजून पुरता विरघळला नव्हता आणि त्या पांढऱ्यावर घारी, कावळे उतरले होते. मेलेली पाखरं खात होते. भाऊ दगड मारायला गेला. वडिलांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "राहू दे. त्यांचं तरी पोट भरू दे." रात्रीपासून पहिल्यांदा बोलले होते ते.

तुरीची शेंग | ५:३०

ताई, वाचून अंगावर काटा आला. तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा.

गोदाकाठची | रात्री ८:०५

लातूरची लेक, तुझा प्रतिसाद लेकीला वाचून दाखवला. खूप वेळ गप्प होती. मग विचारलं, "त्या घारीचं पुढं काय झालं?"

लातूरची लेक | ८:२०

तिला सांगा, पंख जोडला गेला पण पुन्हा नीट उडता येईल इतका नाही, असं नंतर कळलं. खोटं सांगायला नको वाटतं.

उदगीरकर | ९ जानेवारी, सकाळी ७:५०

जरा विषय बदलतो. शिकारी पक्षी बघायचे तर हुरड्याच्या दिवसांत शाळूच्या रानात या. आमच्याकडं सध्या भोरड्या उतरल्यात. मध्य आशियातून येतात, गुलाबी अंग, काळं डोकं. हजारोंनी. कणसावर बसल्या की रान काळं दिसतं. पोरं माळ्यावर उभी राहून गोफण फिरवतात, थवा उठतो, दुसऱ्याच्या रानात बसतो, तिथून ओरडा होतो, परत येतो.

परवा असाच थवा उठला आणि एकदम घट्ट झाला, चेंडूसारखा. वर बघितलं तर ससाणा. काळ्या मिशा, टोकदार पंख, बहिरी ससाणाच. तीनदा सूर मारला त्यानं, तिन्ही वेळा थवा दुभंगला आणि परत मिटला. चौथ्यांदा तो निघून गेला, रिकाम्या हातानं. आमच्या पोराला वाटायचं, ससाण्यानं झेप घेतली की शिकार मिळालीच. असं नाही, बऱ्याच झेपा वाया जातात.

माळरानी | ८:३०

उदगीरकर, तुरुमती बघायला मिळते का तिकडं? तांबडं डोकं, छोटा ससाणा. नर-मादी जोडीनं शिकार करतात. एक पाखराला खालून उठवतो, दुसरा वरून गाठतो. मी माळावर एकदाच पाहिलंय.

भोवत्या या शिकारी पक्ष्यांचं पण सांगतो. पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यात आपल्या माळरानांवर येतात. दिवसभर गवताच्या फुटभर वरून तरंगत टोळ, उंदीर, चंडोल धरतात आणि संध्याकाळी झाडावर नव्हे, जमिनीवरच गवतात झोपतात. म्हणून माळ नांगरला किंवा पेटवला की त्यांचं अंथरूणच जातं. लोक म्हणतात माळ म्हणजे पडीक. मला हा शब्द लागतो.

केजकर | ९:१०

शेतकऱ्याच्या बाजूनं बोलतो. आमच्या हरभऱ्यात दरवर्षी घाटेअळी. कृषी सहायकांनी सांगितलं, इंग्रजी टी आकाराचे पक्षी थांबे लावा, एकरी वीस. लावले. कोतवाल, साळुंक्या, वेडे राघू त्यावर बसून अळ्या-किडे उचलायला लागले. मग त्याच थांब्यावर कापशी घार बसायला लागली, ती उंदीर नेते. काल म्हणालो हाकला, आज सकाळी रानात जाऊन बघून आलो आणि लिहितोय. कापशीला मी कधीच हाकलणार नाही. शिक्र्याचं अजून मन मानत नाही.

सलीमअलीकाठ | १०:२०

माझं थोडं वेगळं मत. मी छत्रपती संभाजीनगरात राहतो, सलीम अली सरोवराच्या जवळ. शहरात दाणे टाकणं हा प्रश्नच वेगळा झालाय. चौकाचौकांत पोतंभर धान्य ओततात, पारव्यांचे थवे वाढतात, विष्ठेचे थर साचतात, चिमणीला मात्र तिथं जागा मिळत नाही. पाखरांना खाऊ घालायचं असेल तर झाड लावा, झुडूप ठेवा, कडेचं गवत लगेच कापू नका. किडे येतील, पाखरं येतील.

ताईंचं अंगण वेगळं आहे, मूठभर ज्वारी आणि आजूबाजूला झाडं. तरी दोन गोष्टी. परळ दोन दिवसांआड घासून धुवा आणि उन्हात वाळवा, घाण परळातून पाखरांत रोग पसरतो. आणि उरलेला भात, मिठाचं काही टाकू नका.

पहाटपिंगळा | ११:००

सहमत. आणि जागेचं बघा ताई. लिंबाखाली अगदी उघड्यावर दाणे टाकत असाल तर होल्याला पळायला जागा नाही. मेंदीच्या जाळीपासून सहा-सात फुटांवर टाका. फार जवळ टाकलं तर मांजर जाळीत दबा धरतं, फार लांब टाकलं तर पाखरू जाळीपर्यंत पोहोचत नाही. शिक्रा काटक्यांत शिरायला कचरतो.

तुरीची शेंग | ११:२५

कोतवालाचं कुणीच सांगितलं नाही! ज्या झाडावर कोतवालाचं घरटं, तिथं बाकीची पाखरं खुशाल घरटी करतात, कारण तो घारीलाही टोचून पळवून लावतो. आणि लबाडीही तेवढीच. शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, साळुंक्या घाबरून उडतात आणि त्यांनी टाकलेला किडा हा उचलतो. मी दोनदा फसलेय. शिक्रा आला म्हणून दुर्बीण घेऊन पळाले, तर तारेवर हा बसलेला.

सलीमअलीकाठ | दुपारी १२:१०

संक्रांत तोंडावर आहे म्हणून कळकळीनं लिहितो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्येच देशभर बंदी घातलीय, तरी विकला जातोय. दरवर्षी घारी, शिक्रे, घुबडं पंख कापून लटकलेली सापडतात. शिक्रा झाडांमधून वेगानं जातो, त्याला तो दोरा दिसतच नाही. आपल्या लेकरांना साध्या सुती दोऱ्यावर पतंग उडवू द्या, आणि संक्रांतीनंतर झाडांवर अडकलेले दोरे काढायला एक दिवस द्या. जखमी पक्षी सापडला तर खोक्यात अंधारात ठेवा, पाणी जबरदस्तीनं पाजू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. स्वतः पाळत बसू नका, कायद्यानं मनाई आहे.

केजकर | १२:३०

+१. आमच्या गल्लीत आज संध्याकाळी पोरांना गोळा करतो.

स्कॉटलंडातला परभणीकर | दुपारी ४:००

ताईंच्या लेकीसाठी एक सुचवू का? इथं १९७९ पासून दर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास लोक आपापल्या बागेत तासभर बसून पक्षी मोजतात. लाखो लोक. आपल्याकडंही २०१३ पासून फेब्रुवारीत चार दिवसांची अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते, पंधरा मिनिटं बसलं तरी चालतं. तिला वही द्या. शिक्रा आला तर तोही त्यात लिहायचा, एक म्हणून.

गोदाकाठची | १७ जानेवारी, सायंकाळी ६:४०

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, क्षमस्व. पहाटपिंगळा काकांनी सांगितल्याप्रमाणं आठ दिवस लिहिलं. वही लेकीनं ठेवली.

माळरानी दादा, तुमचं खरं निघालं. दोन आहेत. नर लाल डोळ्यांचा, दुसरी मोठी, तपकिरी, डोळे नारंगी. लेकीनं ओळखली, मी नाही.

येण्याची वेळ: आठांपैकी सहा दिवस सकाळी साडेसात ते सव्वानऊ. एक दिवस ढगाळ होता तेव्हा दुपारी. संक्रांतीच्या दिवशी आलेच नाहीत, आम्हाला फार धाकधूक झाली. दुसऱ्या दिवशी दोन्ही दिसले. सहा झेपा आमच्यासमोर झाल्या. एकीत चिमणी गेली, पाच वाया. ज्वारी आता मेंदीपासून सात पावलांवर टाकते (लेकीची पावलं). सातभाई सगळ्यांत आधी ओरडतात, त्यांचा आवाज झाला की होले जाळीत.

काल ऊन चांगलं पडलं. नऊ वाजता कंपाउंडवर पहिला सरडा दिसला. दहाच्या सुमारास नर आला, दाण्याकडं बघितलंसुद्धा नाही. भिंतीवर उतरला आणि सरडा घेऊन शेवग्यावर गेला. लेक ओरडली, "आई, पिंगळा आजोबांचं बरोबर होतं!"

होला कुणी मारला, ते तिनं परत विचारलं नाही. मीच विषय काढला. म्हणाली, "शिक्र्यानं. त्याला थंडी वाजत होती."

पहाटपिंगळा | ७:०५

लेकीला माझ्याकडून एक दुर्बीण. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवा.

केजकर | ७:१५

ताई, सरडे खात असेल तर माझी हरकत मागं घेतो. आजीचं मात्र मत बदलणार नाही.

गोदाकाठची | १८ जानेवारी, सकाळी ८:३०

आजची वही: चिमण्या २३, होले ७, साळुंक्या ४, बुलबुल २, दयाळ १ (मादी दिसली नाही), सातभाई ९. मादी शिक्रा लिंबावर, एक पाय पोटात घेऊन, पिसं फुलवून ऊन खातेय. खाली होले टिपतायत. मी ओट्यावर बसून आहे, हलत नाही.